‘ट्रायल’ नावाची फाईल

१८ मार्च २०१३. वाळूज एमआयडीसीतल्या वोखार्ट या औषध कंपनीच्या कारखान्यात अमेरिकेच्या एफडीएचे, म्हणजे तिथल्या औषध नियामकाचे, तपासनीस आले होते. कचरा टाकायच्या जागेत त्यांना कागद सापडले, मधोमध फाडलेले. इंजेक्शनच्या सुमारे ७५ बॅचेसच्या त्या अनधिकृत नोंदी होत्या. त्यांतल्या बऱ्याच बॅचेस नुसत्या डोळ्यांनी करायच्या तपासणीतच मर्यादेबाहेर गेल्याचं त्या कागदांवर लिहिलेलं होतं. अधिकृत नोंदींत मात्र त्याच बॅचेस पास होत्या. मे महिन्यात त्या कारखान्याच्या मालाला अमेरिकेचं दार बंद झालं आणि जुलैत इशारापत्र निघालं.

फाडलेल्या कागदांची गोष्ट तेव्हा खूप गाजली. मला मात्र त्या पत्रातली दुसरी नोंद जास्त गंभीर वाटते. औषधात काय आणि किती आहे हे मोजायला एचपीएलसी नावाचं यंत्र असतं. त्यावर ‘अधिकृत’ चाचणीआधी एक ‘ट्रायल’ चाचणी घेतली जायची, असं त्या पत्रात लिहिलं आहे. ट्रायल यंत्राच्या वापरवहीत चढवायची नाही, नमुना कसा तयार केला त्याचे आकडे नष्ट करायचे आणि मग ‘अधिकृत’ चाचणी घ्यायची.

आधी बघून घ्यायचं आणि मग मोजायचं. अशा मोजण्याला मी मोजणं म्हणणार नाही.

हे आज काढायचं कारण म्हणजे ही ‘ट्रायल’ नावाची फाईल आता कारखान्यांपेक्षा लॅपटॉपवर जास्त सापडेल. एमडी किंवा एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या, त्यांच्या गाईडच्या आणि त्यांना ‘स्टॅटिस्टिक्स करून देणाऱ्या’ माणसाच्या लॅपटॉपवर. फरक इतकाच की तिथे कुणाला काही फाडावं लागत नाही. एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरची खिडकी बंद करताना ‘सेव्ह करायचं का?’ असं विचारलं जातं, आणि ‘नाही’वर बोट पडलं की झालं.

थिसिसचा हंगाम कधी आहे ते वॉर्डाच्या कॉरिडॉरमध्ये नुसतं उभं राहिलं तरी कळतं. परीक्षेच्या सहा महिने आधी थिसिस जमा करायचा असतो. केस पेपरांचा गठ्ठा, एका ओळीत एक रुग्ण असा एक्सेलमधला मास्टर चार्ट आणि एकमेकांना विचारायचा एकच प्रश्न: ‘पी व्हॅल्यू आली का?’

या ‘आली का’मध्येच सगळं आलं. पाऊस येतो, एसटी येते, त्यांची वाट बघावी लागते. पी व्हॅल्यू अशी यायची वस्तू नव्हे. औषधाचा काहीच उपयोग नाही असं आधी धरायचं. तसं असेल तर निव्वळ योगायोगानं आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. औषध चांगलं आहे की नाही, फरक रुग्णाच्या उपयोगाचा आहे की नाही, यावर ती काहीही बोलत नाही. ०.०५ ही रेषा रोनाल्ड फिशरनं १९२५ सालच्या पुस्तकात सोयीची म्हणून सांगितली. वीसात एक. पुढच्या शंभर वर्षांत तिचा उंबरठा झाला, आणि उंबरठा म्हटला की तो ओलांडायची धडपड आलीच.

ती धडपड कशी चालते ते बघा. सगळ्या रुग्णांवर फरक दिसत नाही, मग फक्त पुरुष घेऊ. पुरुषांतही नाही, मग साठच्या वरचे घेऊ. नाही? मग साठऐवजी पंचावन्नला कापू. वजन, साखर, रक्तदाब, धूम्रपान, एकेक रकाना पुढे सरकतो. यातली एकेक चाचणी करायला एसपीएसएसला क्षणही लागत नाही, आणि हेच घातक आहे. ज्यात मुळात काहीच नाही अशा आकड्यांवर एकमेकांपासून स्वतंत्र वीस चाचण्या केल्या, तर निदान एक तरी ‘सिग्निफिकंट’, म्हणजे ०.०५ च्या खाली, निघण्याची शक्यता ६४ टक्के आहे. म्हणजे काहीतरी मिळण्याचीच शक्यता जास्त. थिसिसमध्ये ती एक छापली जाते. उरलेल्या एकोणीस म्हणजे ट्रायल.

वाळूजच्या कुठल्याही व्हेंडर कंपनीत जा आणि व्हर्नियर लावून पीस तपासणाऱ्या मुलाला विचारा. माप टॉलरन्सबाहेर आलं म्हणून तो पीस फिरवून फिरवून वीस वेळा मोजेल, एकविसाव्यांदा बसला की ‘ओके’चा शिक्का मारेल, असं चालेल का? सुपरवायझर त्याला लाइनवरून उठवेल. बजाजनगरमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या आयटीआय झालेल्या मुलाला जे पहिल्या महिन्यात शिकवतात, ते आठ वर्षं वैद्यक शिकलेल्या माणसाला कुणी समोर बसवून शिकवलेलं नसतं. दोष त्या निवासी डॉक्टरचा कमी आणि शिकवायची जबाबदारी असलेल्यांचा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. छत्तीस तास जागून ड्युटी करणाऱ्या मुलीच्या हातात सॉफ्टवेअर द्यायचं, ‘यातून काहीतरी काढ’ म्हणायचं, आणि तिनं काढलं की सही करायची. ही सही मला सलते.

गंमत म्हणून नव्हे, उपयोगाचं म्हणून सांगतो: दोन सरासऱ्यांतला फरक तपासणाऱ्या ज्या टी टेस्टचं बटण रोज दाबलं जातं तिचा जन्म बिअरच्या कारखान्यातला आहे. वाळूजमध्येही बिअरचे कारखाने आहेत, तेव्हा इथल्या वाचकाला हे परकं वाटू नये. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस कंपनीतला नोकरदार. बार्लीचे आणि बिअरचे नमुने हाती यायचे मोजकेच, चार-पाच-दहा. एवढ्या थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीनं बोलावं, हा त्याचा रोजचा प्रश्न होता. उत्तर त्यानं १९०८ साली छापलं, पण कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावानं लिहू देत नसे, म्हणून ‘स्टुडंट’ या नावानं. ‘स्टुडंट्स टी टेस्ट’मधला स्टुडंट तो हा.

आणि त्या निबंधात त्यानं उदाहरण म्हणून घेतलं ते वैद्यकातलं. दहा रुग्ण, झोपेची दोन औषधं, आणि प्रत्येक औषधानं झोप किती तासांनी वाढली त्याचे आकडे. कुश्नी आणि पीबल्स यांनी ते १९०५ साली प्रसिद्ध केले होते. आज ‘आर’ हे मोफत सॉफ्टवेअर कुणीही उतरवून घ्या, ‘स्लीप’ या नावानं तेच दहा रुग्ण त्यात बसलेले सापडतील. पहिल्या औषधानं सरासरी ०.७५ तास झोप वाढली, दुसऱ्यानं २.३३ तास.

आता कागद-पेन्सिल घ्या. दोन्ही औषधं त्याच दहा माणसांना दिली होती, म्हणून प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच करायला हवी. ती केली की पी व्हॅल्यू येते ०.००३. पण घाईत कुणी या वीस आकड्यांना वीस वेगळे रुग्ण समजला आणि शेजारचं बटण दाबलं, तर तीच येते ०.०७९. माणसं तीच, झोप तीच, यंत्रही तेच. एका बटणावर ‘सिग्निफिकंट’, दुसऱ्यावर ‘नाही’. आर चुकलं नाही. पहिल्या रांगेतला तिसरा आकडा आणि दुसऱ्या रांगेतला तिसरा आकडा एकाच माणसाचे आहेत, हे त्याला कोण सांगणार? ज्यानं त्या माणसाच्या उशाशी रात्र काढली तोच सांगेल.

आणखी एक गोष्ट. गॉसेटच्या निबंधात औषधांची नावंच चुकली होती. फिशरनं १९२५ च्या पुस्तकात तीच चूक उचलली. गणित अचूक आणि बाटलीवरचं लेबल भलतंच. सांख्यिकीच्या इतिहासातल्या दोन सर्वांत तल्लख माणसांच्या हातून हे झालं. मग रकान्याला ‘व्हॅर००००३’ असं नाव ठेवून मास्टर चार्ट दुसऱ्याच्या ताब्यात देणाऱ्यानं किती सावध असायला हवं?

मास्टर चार्टकडे कुणी बघत नाही ही माझी खरी तक्रार आहे. बाइंड केलेल्या थिसिसच्या शेवटी बारीक टाइपात तो छापलेला असतो आणि परीक्षक तिथवर पोहोचतच नाहीत. तिथे बघण्यासारखं खूप असतं. वय नोंदवलं नाही म्हणून ९९ लिहिलेलं असतं. ९९ म्हणजे ‘माहीत नाही’ हे सॉफ्टवेअरला सांगायचं राहतं आणि सरासरी वय सरकून बसतं. हिमोग्लोबिन १२.५ चा टिंब गळून १२५ होतं. रुग्णांची वयं बघा: ४०, ४५, ५०, ५५. आपल्याकडे पन्नाशीतला शेतकरी वय अंदाजानं सांगतो, म्हणून शून्याला आणि पाचाला गर्दी. हे ज्याला दिसलं त्यानं अर्धं काम केलं. ते न दिसता जो सरासरीला दोन दशांश लावतो, तो मेहनत वाया घालवतो. सात रुग्णांपैकी तीन बरे झाले तर ‘सातांपैकी तीन’ असं लिहा. ‘४२.८६ टक्के’ लिहिल्यानं चौथा बरा होत नाही.

रुग्णालयातला मुक्काम ‘६ अधिक-उणे ९ दिवस’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे. उणे तीन दिवस कोण कसा राहतो? अर्थ इतकाच की बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी गेले आणि दोघे-तिघे महिनाभर अडकले. इथे सरासरी बोलत नाही, मध्यक बोलतो. आणि ‘पी = ०.०००’ हे तर जागोजागी. एसपीएसएसच्या जुन्या आवृत्त्या तीनच दशांश दाखवायच्या, म्हणून पडद्यावर शून्यं दिसायची. ती जशीच्या तशी उतरवली जातात. योगायोगाची शक्यता शून्य, असं कुठलीही चाचणी कधीही म्हणत नाही. ०.००१ पेक्षा कमी, एवढंच लिहायचं असतं. हे लिहिणाऱ्यानं, तपासणाऱ्यानं आणि पास करणाऱ्यानं पडदा फक्त पाहिला आहे, वाचलेला नाही.

‘थिसिस कोण वाचतो हो?’ हे उत्तर मला फार वेळा मिळतं. म्हणून गोव्याकडे बघू. १० मे २०२१ ला गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना कोविड टाळण्यासाठी आयव्हरमेक्टिन देणार. लक्षणं असोत की नसोत. त्या महिन्यांत हे औषध मृत्यू कमी करतं असं सांगणारी एकत्रित विश्लेषणं जगभर फिरत होती, म्हणजे लहान-लहान अभ्यास एका तराजूत घालून काढलेले निष्कर्ष. त्या तराजूत इजिप्तमधला एक अभ्यास बराच जड होता. मृत्यू नव्वद टक्क्यांहून अधिक कमी होतात, असं तो म्हणत होता. लंडनमध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यानं त्याची मूळ फाईल उघडून ओळी वाचल्या. तेच रुग्ण पुन्हा पुन्हा येत होते. काही रुग्णांचे मृत्यू अभ्यास सुरू होण्याआधीचे होते. जुलै २०२१ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. त्यासाठी ना मोठं सॉफ्टवेअर लागलं, ना मोठं पद. एका मुलानं मास्टर चार्ट वाचला, बस्स.

आज आपल्याकडचा थिसिस उद्या एखाद्या जर्नलमध्ये जातो, परवा असल्याच एका तराजूत पडतो, आणि मग त्यातून निघालेली गोळी रांजणगाव शेणपुंजीच्या दवाखान्यातल्या चिठ्ठीवर येते. ‘कोण वाचतो’ म्हणणाऱ्यांनी हा रस्ता चालून बघावा.

नीट केलं तर काय होतं, हेही महाराष्ट्रानंच दाखवलं आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं नवजात बाळांच्या मृत्यूंवर काम हाती घेतलं, तेव्हा त्यांनी आधी दोन वर्षं नुसती मोजणी केली. ३९ गावांत गावातल्याच आरोग्यदूत बाया घरी जाऊन बाळाची काळजी घेणार, ४७ गावांत नेहमीची व्यवस्था चालू राहणार, हे अगोदर ठरलं. काय मोजायचं तेही अगोदर ठरलं. बाळ जन्मल्याची आणि दगावल्याची नोंद दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे झाली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. त्या निबंधाचं वजन त्या ४७ गावांत आहे, जिथे काहीच नवीन केलं नव्हतं आणि तरीही प्रत्येक बाळ मोजलं होतं. पुढे आशा कार्यकर्तीच्या हाती घरोघरच्या भेटींचं जे काम आलं त्याच्या मुळाशी हा अभ्यास आहे. असा निकाल सॉफ्टवेअरमध्ये शिरून सापडत नाही. तो गावात ठरतो, सॉफ्टवेअरमध्ये फक्त मोजला जातो.

मग सोमवारपासून काय करता येईल? बरंच काही, आणि बहुतेक फुकटात. एसपीएसएस १९६८ पासून आहे, चांगलं आहे आणि महाग आहे. म्हणूनच कुणीतरी कुठूनतरी आणलेली प्रत पेन ड्राइव्हवरून हॉस्टेलभर फिरते. चोरीच्या प्रतीवर प्रामाणिक संशोधन करायची काही गरज उरलेली नाही. आर मोफत आहे. ते लिहायची भीती वाटत असेल तर त्यावरच उभं असलेलं जामोवी एसपीएसएससारखं माऊसवर चालतं, तेही मोफत. साथीच्या कामासाठी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं १९८५ साली एपी इन्फो आणलं, तेही मोफत. एसपीएसएसच वापरणार असाल तर ‘ओके’च्या शेजारी ‘पेस्ट’ नावाचं बटण असतं, ते दाबायची सवय लावा. तुम्ही काय केलं त्याची ओळ न् ओळ एका फाईलमध्ये उतरते. ती फाईल म्हणजे यंत्राची वापरवही. वाळूजमध्ये नेमकी त्याच वहीत ट्रायलची नोंद नव्हती.

दुसरं, पीएसएम म्हणजे सामाजिक वैद्यकाच्या विभागातल्या सांख्यिकी शिक्षकाकडे पहिल्या महिन्यात जा. मेडिकल कॉलेजात हे पद असतं आणि बहुतेकांना ते शेवटच्या आठवड्यात आठवतं. सगळे रुग्ण गोळा झाल्यावर ‘आता यावर कुठली टेस्ट लावू?’ असं विचारणं म्हणजे भिंत चढवून झाल्यावर पाया किती खोल हवा होता ते विचारणं. किती रुग्ण लागतील हे आधी काढायचं असतं. ‘सगळे पन्नास घेतात म्हणून पन्नास’ हे गणित नव्हे, चाल आहे. तिसरं, रुग्णावर उपचार करून बघणारा अभ्यास असेल तर तो सीटीआरआयवर, म्हणजे अशा अभ्यासांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीत, पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदवा. १ एप्रिल २०१८ पासून नोंदणी आधीच करावी लागते, पण नियम म्हणून करू नका. ‘मी हे मोजणार’ असं एकदा चारचौघांत लिहून ठेवलं की पंचावन्नला कापायचा मोह आपोआप कमी होतो. शोधता शोधता भलतंच काही सापडलं तर ते जरूर सांगा, फक्त ‘शोधताना सापडलं’ असं म्हणून सांगा. त्यात कमीपणा नाही. ‘हेच शोधत होतो’ असं म्हणणं खोटं आहे.

आणि ‘फरक आढळला नाही’ या निकालाला नापास समजणं बंद करा. हे मी गाईडना म्हणतो आहे, विद्यार्थ्यांना नव्हे. शंभर रुग्ण प्रामाणिकपणे मोजून फरक आढळला नाही, तर शंभर माणसांच्या मदतीनं एक उत्तर मिळालं. ते उत्तर तुमच्या सहीअभावी सॉफ्टवेअरमध्येच मरतं.

प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या एखाद्या माणसाची कल्पना करा. कानात सतत आवाज येतो म्हणून तो ओपीडीत आला. डॉक्टरनं विचारलं, अभ्यासात भाग घ्याल का? त्यानं संमतीपत्र ऐकलं, सही केली. कानाच्या तपासणीसाठी दोनदा यावं लागेल म्हणाले, तर दोन दिवसांचा खाडा सोसून आला. मास्टर चार्टमध्ये तो ओळ क्रमांक ३७ झाला. त्याचे आकडे बाकीच्यांशी जुळेनात. रात्री अकरा वाजता कुणीतरी ओळीवर राइट क्लिक केलं, ‘डिलीट’ म्हटलं, आणि ०.०६ चे ०.०४ झाले.

बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना माझी विनंती आहे. या खेपेला व्हायव्हात निष्कर्षाचा प्रश्न शेवटी विचारा. आधी लॅपटॉप उघडायला सांगा. किती रुग्ण घेतले आणि किती मोजले, मधले कुठे गेले, ते विचारा. वापरवही मागा. छत्तीसनंतर थेट अडतीस येत असेल, तर थांबा आणि तो कोण होता हे विचारा.